मागं सरत म्हणायचं गाणं

आंधळगाव, २ जुलै १९७८

ती. शकुबाईस,
इश्वरचा नमस्कार.

"याही शाळेतून पळालास का?" एवढं एकच वाक्य लिहून तू पत्र संपवलंस. नाही पळालो. अजून इथंच आहे, आंधळगावच्या प्राथमिक शाळेत, पहिली ते चौथीच्या पोरांना गाणं शिकवतो आहे. ही माझी तिसरी शाळा. तू मोजतेस हे मला माहीत आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

नोकरी अजून तात्पुरतीच आहे. संस्थेचे अध्यक्ष मधुकरराव म्हणतात, "गाण्यासाठी येगळा मास्तर कायले पायजे? पोरं तसंही बोंबलतेतच." ऑगस्टात विस्तार अधिकारी तपासणीला येणार आहेत. त्यांनी पोरांचं गाणं ऐकून चांगला शेरा दिला तर माझी जागा राहील, नाही तर दिवाळीपासून मी मोकळा. आणि खरं सांगू? मोकळं होण्याची भीतीही वाटत नाही. वडशाकडच्या एका नाटक कंपनीला दिवाळीनंतरच्या मंडई-जत्रांच्या हंगामासाठी पेटीवाला हवा आहे. गावोगाव फिरायचं, रोज नवा मांडव. त्यांचा निरोप आल्यापासून एका जागी बसून जेवणही होत नाही.

तू म्हणशील, मग आधीच का गेला नाहीस? तेच मला कळत नाही. मोठ्या मुलांच्या शाळेतही मला बोलावलं होतं, मी गेलो नाही. लहान पोरं गाताना तोंड पूर्ण उघडतात, आपण कसे दिसतो याची त्यांना फिकीर नसते. तो आवाज ऐकला की मला काहीतरी आठवतं, आठवतं, आणि नेमकं आठवायच्या आधी निसटतं. मग चिडचिड होते. मग वाटतं, या शाळेत नाही सापडत, पुढच्या शाळेत सापडेल.

तूर्त अडचण वेगळीच आहे. भाताची रोवणी लागली आणि वर्ग ओस पडला. पोरं आयांच्या मागं बांधीत, गुडघाभर चिखलात. अधिकाऱ्यासमोर गाणार कोण, बाकं? तेव्हा उद्यापासून मीच पेटी घेऊन बांधीच्या काठाला, धुऱ्यावर जाऊन बसणार आहे.

भाऊजींना नमस्कार सांग.
तुझा, इश्वर


कोंढा, ९ जुलै १९७८

चि. इश्वरास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी हसले आणि मग रागावले. सव्वीस वर्षांचा घोडा झालास, अजून पाय भुईवर ठरत नाही. लहानपणीही असाच होतास. ह्यांच्या चुलत्याच्या नात्यात कोसऱ्याला एक मुलगी आहे, चौथी शिकलेली, निमूट स्वभावाची. पण तात्पुरत्या मास्तराला कोण देईल? आणि नाटक कंपनीतल्या पेटीवाल्याला तर मीसुद्धा देणार नाही. कायम हो, मग बोलू.

पेटी चिखलात पाडू नकोस. मामानं घेऊन दिलेली आहे.

एक मात्र पुन्हा सांगते. पत्र अंतर्देशीयच लिहीत जा, नाही तर पाकिटात. कार्ड लिहू नकोस. आमचा पोस्टमन कार्ड नुसतं टाकून जात नाही, ओसरीवर बसून चहा घेतो आणि सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवतो. त्यांना वाचता येत नाही, पण ऐकायची हौस दांडगी. आपल्या घरचं काही तुझ्या हातून लिहिलं जाईल आणि मी उभी चिरली जाईन. मामानं सोयरीक जमवताना काय काय सांगितलं होतं ते तुला ठाऊक आहे. बपेऱ्याला दहा एकर, घरच्या बाया दुसऱ्याच्या बांधीत पाय घालत नाहीत. सतरा वर्षं मी ते निभावलं आहे.

इकडे आमचीही रोवणी चालू आहे. मी घरातून भाकरी पाठवते. बांधीकडे जात नाही.
शकु


आंधळगाव, १८ जुलै १९७८

ती. शकुबाईस नमस्कार.

ऐक, माझी काय फजिती झाली ती. हसायचं तेवढं हसून घे आणि मग माझं एक काम कर.

मी धुऱ्यावर पेटी मांडली आणि पोरांना स्वागतगीत शिकवायला लागलो. माझंच रचलेलं, संथ चालीचं. अधिकाऱ्याला भारदस्त वाटावं म्हणून लय मुद्दाम ठाय ठेवली. पोरं आयांच्या बाजूला पऱ्ह्यांच्या, कोवळ्या रोपांच्या पेंढ्या पोचवत गाऊ लागली. दोन दिवसांत बायांनीही ते गाणं उचललं. मला केवढा आनंद! अख्खी बांधी माझं गाणं गाते आहे!

तिसऱ्या दिवशी मधुकरराव छत्री आपटत आले. बांधी त्यांचीच. म्हणाले, "गुरुजी, ह्या बाया रोवणी करून राहिल्या का पूजा करून राहिल्या?" मी पाहिलं तर खरंच, गाण्याच्या लयीत हात चालत होते. एक ओळ संपेपर्यंत एक रोप. जिथं एव्हाना तीन बांध्या व्हायच्या तिथं एक झाली होती. रांगेत सगळ्यांत पुढं गाणारी मंगलाबाई म्हणून आहे, ती मला म्हणाली, "गुरुजी, तुमचं गाणं लय बेस आहे जी. कंबरच दुखत नाही." रोजानं येणाऱ्या बाया, त्या कशाला सोडतील?

मी दुसरी जलद चाल बसवून पाहिली. त्या दोन ओळी म्हणतात आणि परत माझ्या संथ गाण्यावर येतात. मधुकररावांनी सांगून टाकलं, "रोवणी सरायच्या आत बायांचे हात पहिल्यासारखे नाही चालले त तुमी तुमची पेटी उचला. अधिकाऱ्याची वाट पाहाची गरज नाही."

आता काम. मला आईचं गाणं हवं आहे, रोवणीचं. पाच वर्षांचा होतो ती गेली तेव्हा. लगेच मामानं मला तुमसरला नेलं, आणि तू मात्र बपेऱ्याला राहून तिच्या जागी गात होतीस. मला पहिली ओळ तेवढी आठवते: "मांगं सरा, मांगं सरा, पुढं हिरवं होते वो." त्यावर हात कसे भराभरा चालायचे ते डोळ्यांपुढं आहे. पण चाल अर्ध्यात तुटते. ओळ संपली की आई मधेच थांबायची, दम लागत असेल तिला, आणि पुढची ओळ कुठून उचलायची ते मला सापडत नाही. मी तिथं पेटीचा एक तुकडा भरून पाहिला, पण सगळं गाणंच लंगडं होतं.

शाळेत पोरं गातात तेव्हा मला आठवता आठवता निसटतं ते हेच, शकुबाई. आता खात्री झाली. चाल कागदावर उतरत नाही हे मलाही कळतं. तू ये. एक दिवस ये आणि गाऊन दाखव.
इश्वर


कोंढा, २५ जुलै १९७८

चि. इश्वरास,

मला ते गाणं आठवत नाही. सतरा वर्षं म्हटलेलं नाही, कुठून आठवेल.

यायला जमणार नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात. आणि मी येऊन परक्या गावच्या बांधीत उभी राहिले, गायले, हे कोंढ्याला कळायला कितीसा वेळ लागतो? भंडाऱ्याच्या बाजाराला दोन्हीकडची माणसं जातात.

तुझी पेटी आहे, विद्या आहे, तूच काहीतरी बसव. नाही तर मधुकररावांचे पाय धर. नोकरी सोडू नकोस.
शकु


(पोस्टकार्ड)
आंधळगाव, २९ जुलै १९७८

शकुबाई,

पोस्टात अंतर्देशीय संपली आहेत आणि मला आज लिहायचंच आहे. तुला आठवत नाही हे खोटं आहे. तुला लाज वाटते. आई बपेऱ्याला लोकांच्या बांधीत रोजानं रोवणी करत होती, तू बारा वर्षांची असल्यापासून तिच्या बाजूला वाकत होतीस, त्याच मजुरीवर आपण जगलो. यात लाजायचं काय आहे? दहा एकर मामाच्या तोंडात होते, आपल्या घरात कधीच नव्हते. तिचं गाणं तुझ्या गळ्यात आहे आणि तू त्यावर झाकण ठेवून बसली आहेस. ठेव. तू गेलीस की तेही जाईल. मी सोमवारी कंपनीला होकार कळवतो. पुन्हा काही मागणार नाही.
इश्वर


कोंढा, ३ ऑगस्ट १९७८

श्री. इश्वरराव यांस,
वासुदेवराव यांचा रामराम.

मी कधी पत्र लिहीत नाही, ते काम शकुंतलेचं. पण आज ती लिहिणार नाही म्हणून मी बसलो आहे. अक्षराला हसू नका.

तुमचं कार्ड परवा दुपारी आलं. पोस्टमन रिवाजाप्रमाणे ओसरीवर बसला आणि वाचू लागला. आई ऐकत होती, दोन गडी होते, शेजारची बेबीबाई विरजण मागायला आलेली होती. तो निम्म्यावर गेल्यावर त्याला कळलं की आपण काय वाचतो आहोत, पण आई म्हणाली, "थांबतोस काहून? वाच पुढं." त्यानं शेवटपर्यंत वाचलं. शकुंतला दारात उभी होती. ती आत गेली आणि दिवसभर बाहेर आली नाही. आईनं त्या रात्री तिच्या हातचं वाढून घेतलं नाही.

तुम्ही वाईट हेतूनं लिहिलं नाही हे मी जाणतो. पण घाव बसायचा तो बसला.

आता जे मी तिलाही आजवर सांगितलं नव्हतं ते तुम्हाला सांगतो. मला पहिल्यापासून माहीत होतं. माझी मावशी बपेऱ्याची. मी तिच्याकडे एक दुसरीच मुलगी पाहायला गेलो होतो. मुलगी पाहिली, पाहुणचार झाला आणि परत निघालो तर तलावाखालच्या बांध्यांतून गाणं ऐकू आलं. बायांची लांब रांग होती, आणि एक मुलगी ओळ सोडायची, बाकीच्या उचलायच्या. मी पारेवर, तलावाच्या बांधावर, बसलो तो गाडी चुकेपर्यंत. मावशीला सांगितलं, ती गाणारी असेल तर लग्न करतो. मग तुमच्या मामानं येऊन दहा एकर सांगितले. मी मान हलवली. म्हटलं, ह्या लोकांना असं सांगायचं आहे तर सांगू दे, आपल्याला काय करायचं आहे.

लग्नानंतर मी वाट पाहत होतो की ती कधी गाईल. ती गायली नाही. मला वाटलं, मी विचारलं तर तिला कळेल की मला सगळं ठाऊक आहे आणि तिची मान खाली जाईल. म्हणून गप्प राहिलो. आता वाटतं, चुकलंच.

हे मी तिला काल सांगितलं. रडेल असं वाटलं होतं, ती भडकली. म्हणाली, "मंग सतरा वर्सं मले काहून झाकू देल्लं?" मग चूल फुंकता फुंकता म्हणाली, "आता साऱ्या गावानं आयकलं. मंग गाणंच कायले झाकू?"

आम्ही दोघं शनिवारी येतो. मधुकररावांना म्हणावं, तेवढी एक बांधी शिल्लक ठेवा. आणि कंपनीला काही कळवलं नसेल तर शनिवारपर्यंत थांबा.
वासुदेव


आंधळगाव, २४ ऑगस्ट १९७८

ती. शकुबाईस शिरसाष्टांग नमस्कार.

तू आलीस त्या दिवशी मला माफी मागायची होती. चार वेळा तोंड उघडलं. तू दर वेळी म्हणालीस, "पेटी धर, चिखल लागून राहिला." आता लिहून मागतो. त्या कार्डाबद्दल मला क्षमा कर. तुझ्या घरात माझ्यामुळं आग लागली, हे मनातून जात नाही.

तू ठेवणीतलं लुगडं खोचून बांधीत उतरलीस आणि मंगलाबाई तुझ्याकडे नुसती पाहत राहिली. तिला वाटलं, पाहुणीबाई गंमत करताहेत. मग तू पेंढी सोडलीस, तीन बोटांत रोप धरलंस आणि पहिली ओळ टाकलीस. मला त्या वेळी काय झालं ते सांगता येत नाही. मी, संगीत शिक्षक, सूर पकडायलाच विसरलो. सगळी चाल अशी समोर आली जणू कालच ऐकली होती.

"मांगं सरा, मांगं सरा, पुढं हिरवं होते वो,
हातातला पऱ्हा माह्या मातीमंधी जाते वो."

त्या दोन ओळींच्या मधली रिकामी जागा मी सवयीनं पेटीनं भरायला गेलो तर तू साऱ्या बांधीला ऐकू जाईल अशी ओरडलीस, "पेटी बंद कर!" पोरं अजून मला चिडवतात. पण मी बंद केली आणि मग गाणं चाललं. तुझे हात, तुझ्यामागून मंगलाबाईचे, मग सगळ्या रांगेचे. संध्याकाळी मधुकरराव धुऱ्यावरून चालत गेले आणि माझ्यासाठी घरून ताक पाठवलं. त्यांच्या हिशेबात ती मोठी गोष्ट आहे.

आता तपासणीचं ऐक. परवा अधिकारी आले. मी पोरांना स्वागतगीत म्हणायला सांगितलं. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सुरू केलं ते "मांगं सरा"! मी हातानं खुणा करतो आहे, कोण बघतो? आणि नुसतं गाणं नाही. त्यांना ते उभ्यानं म्हणताच येत नाही. सगळी वाकली आणि ओळीगणिक एक पाऊल मागं सरत निघाली. रांग मागं मागं जाऊन भिंतीला टेकली, तरी थांबेना. शेवटची पोरं खिडकीत चढली.

आणखी एक. ओळ संपली की सगळीच्या सगळी मान वर करून दाराकडे पाहायची. पहिल्या वेळी अधिकाऱ्याला वाटलं, कोणी वरिष्ठ आले. तो गडबडीनं उठला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, दारात कोणी नाही. दुसऱ्या ओळीला पुन्हा उठला. तिसऱ्या ओळीपर्यंत तो हसू लागला होता. जाताना त्यानं शेरा लिहिला, "संगीताचे काम उत्तम. वर्गखोली अपुरी." जागा कायम करायला हरकत नाही असं मधुकररावांना तोंडी सांगितलं.

तू खूश होशील. मीही व्हायला हवं. पण शकुबाई, ट्रंक अजून बांधलेलीच आहे. कंपनीला मी होही कळवलं नाही आणि नाहीही. इतकी वर्षं जे शोधत शाळा बदलत होतो ते गाणं मिळालं, मग आता पाय स्वस्थ का नाहीत? रोज वर्गात पोरं ते गाणं म्हणतात, रोज ती ओळीनंतर वर पाहतात, आणि मी अस्वस्थ होतो. मी विचारलं, "वर काहून पाहता रे?" तर म्हणतात, "शकुबाई पाहे म्हणून." खरंच तूही पाहत होतीस. प्रत्येक ओळीला हात थांबायचे आणि तू धुऱ्याकडे बघायचीस. भाऊजी छत्री धरून माझ्या बाजूलाच उभे होते. त्यांच्याकडे बघत होतीस ना? सतरा वर्षांनी त्यांना गाणं ऐकायला मिळालं म्हणून? मला फार बरं वाटलं होतं.

पण मग आई कशाला थांबायची? तिलाही त्याच जागी दम लागायचा का?
तुझा, इश्वर


कोंढा, २ सप्टेंबर १९७८

चि. इश्वरास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. खिडकीत चढलेल्या पोरांचं ऐकून हे इतके हसले की सासूबाई बघायला आल्या. त्या अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. पण मी आता घरात गाणं गुणगुणते, तीच चाल काल गायीपाशी बसून घोळवत होत्या. मी दिसले तशा गायीवरच ओरडल्या. चालायचं. मीही आता भाकरी पाठवत नाही, बांधीत स्वतः घेऊन जाते. कार्डाचं मनात ठेवू नकोस. मला राग आला होता, खूप आला होता, आता नाही.

कंपनीचं काय करायचं ते तुझं तू ठरव. मी तुला बस म्हटलं की तू उठतोस, हे मला तू चालायला लागलास तेव्हापासून माहीत आहे.

पण तू विचारलंस ते सांगते. आईला दम लागत नव्हता. तिच्यासारखा दम साऱ्या बपेऱ्यात कोणाला नव्हता. तुला ती धुऱ्यावर पोतं अंथरून बसवायची आणि तू बसायचा नाहीस. जरा नजर चुकली की तलावाकडे निघायचास. म्हणून ओळ संपली की ती मान वर करून बघायची. तू जागेवर असलास की पुढची ओळ. नसलास की गाणं तिथंच थांबायचं, सगळी रांग वाकलेली तशीच राहायची. मी चिखलातून धावत जाऊन तुला पारेवरून उचलून आणायची, पोत्यावर आपटायची, आणि मग आई पुढं म्हणायची. बायांना ते इतकं अंगवळणी पडलं की तुला मामाकडे नेल्यावरही त्या तेवढ्या थांबत. मीही थांबत असे. धुऱ्यावर कोणी नसायचं.

तेव्हा ती जागा पेटीनं भरू नकोस, आणि पोरांना कारण सांगत बसू नकोस. बघू दे त्यांना वर.

हे छत्री धरून उभे होते ते मला, खरं सांगते, दिसलेच नाहीत. मी प्रत्येक ओळीला बघितलं, इश्वर. तू जागेवर होतास.
शकु